टेस्ट कव्हरेजचा आकडा येतो कुठून? जावास्क्रिप्ट मॉड्यूलमुळे बदललेलं मोजमाप

एखाद्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचं पान उघडलं की वरच्या बाजूला बऱ्याचदा एक छोटी हिरवी पट्टी दिसते: 'कव्हरेज ९२ टक्के'. वाचणारा त्याचा सरळ अर्थ घेतो की या प्रोग्रामचा ९२ टक्के भाग तपासून झाला आहे. अनेक ठिकाणी याच आकड्यावरून नवा कोड स्वीकारायचा की परत पाठवायचा, हे आपोआप ठरतं.

जावास्क्रिप्टमध्ये मात्र या आकड्याची एक गंमत आहे. कोड तोच, टेस्टही त्याच. फक्त फायली एकमेकींना जोडायची पद्धत बदलली, तर काही साधनं ९२ ऐवजी थेट शून्य टक्के दाखवतात. उलटही घडतं: एकही नवी टेस्ट न लिहिता आकडा ३६ वरून ५१ वर जाऊ शकतो. असं का होतं, हे समजायचं तर हा आकडा तयार कसा होतो ते पाहावं लागेल.

कव्हरेज म्हणजे काय?

टेस्ट म्हणजे प्रोग्राम तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम. समजा, प्रवासाचं भाडं ठरवणारं एक फंक्शन आहे. पूर्ण भाडं १०० रुपये. पाच वर्षांखालच्या मुलांना भाडं नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. वय दिलंच नसेल तरी पूर्ण भाडं घ्यायचं. टेस्ट या फंक्शनला विचारते, "वय ८ असेल तर किती?" उत्तर ५० आलं तर पास, नाहीतर नापास.

आता आपण फक्त ८ आणि ३० या दोन वयांच्या टेस्ट लिहिल्या. दोन्ही पास झाल्या. पण 'पाच वर्षांखाली' हा नियम लिहिलेली ओळ एकदाही चाललीच नाही. त्या ओळीत चूक असती तरी कळलं नसतं. टेस्ट चालू असताना कोडाचा कोणता भाग चालला आणि कोणता चाललाच नाही, याची नोंद म्हणजे कव्हरेज.

ही कल्पना जुनी आहे. जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी यांनी १९६३ मध्येच प्रोग्राममधल्या चुका पद्धतशीरपणे शोधण्याविषयी लिहिताना ती मांडली होती. आजचे रिपोर्ट साधारण चार गोष्टी मोजतात: किती ओळी चालल्या, किती विधानं चालली, किती फंक्शनं बोलावली गेली आणि 'जर-तर'च्या किती फांद्यांवर टेस्ट पोहोचली.

यातली प्रत्येक टक्केवारी म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक आहे. अंशात चाललेला कोड, छेदात एकूण कोड. पुढची सगळी गुंतागुंत दोन प्रश्नांभोवती फिरते: अंश कोण मोजतं, आणि छेदात काय काय धरलं आहे?

मॉड्यूल आणि 'नेटिव्ह' मॉड्यूल

मोठा प्रोग्राम एका फाइलमध्ये लिहीत नाहीत. भाड्याचा हिशेब एका फाइलमध्ये, तारखांचा दुसरीत, पावती छापण्याचा तिसरीत. अशा प्रत्येक फाइलला मॉड्यूल म्हणतात. एका मॉड्यूलने दुसऱ्याकडून काही मागायचं असेल तर त्यासाठी ठरलेली पद्धत लागते.

जावास्क्रिप्टमध्ये बरीच वर्षं अशी पद्धत भाषेतच नव्हती. २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड जेएस आणलं आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर मोठ्या प्रमाणावर चालू लागली. नोडने 'रिक्वायर' नावाच्या फंक्शनने फायली मागवायची कॉमनजेएस पद्धत वापरली. पुढे २०१५ च्या भाषामानकात 'इम्पोर्ट' आणि 'एक्स्पोर्ट' हे शब्द अधिकृतपणे आले. २०१७ मध्ये सफारी आणि क्रोम, तर २०१८ मध्ये फायरफॉक्स हे मॉड्यूल थेट समजू लागले. नोडमध्ये ते २०१७ पासून प्रयोग म्हणून होते. २०१९ च्या अखेरीस आलेल्या १३.२ आवृत्तीपासून ते वेगळी सूचना न देता वापरता येऊ लागले.

मधल्या काळात बहुतेक जण कोडात 'इम्पोर्ट' लिहायचे, पण बेबलसारखं साधन तो कोड चालवण्याआधी 'रिक्वायर'मध्ये बदलून टाकायचं. कोणतंही रूपांतर न करता इंजिन स्वतः 'इम्पोर्ट' समजून घेतं, तेव्हा त्याला नेटिव्ह मॉड्यूल म्हणतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या फरकाने कव्हरेजची जुनी साधनं अडचणीत आली.

जुनी पद्धत: कोडात मोजणीदार पेरायचे

जावास्क्रिप्टमधलं कव्हरेजचं सर्वात परिचित साधन म्हणजे इस्तंबूल. नावामागची कथा त्याच्या लेखकानेच सांगितली आहे: कव्हरेजवरून कार्पेट एरिया आठवला, कार्पेटवरून उत्तम गालिचे विणणारा देश, आणि तिथून इस्तंबूल. फ्लॅट घेताना कार्पेट एरिया तपासणाऱ्या आपल्या वाचकांना हा संबंध लगेच लक्षात येईल.

इस्तंबूलचं काम असं चालतं. मूळ फाइल वाचायची, तिची रचना समजून घ्यायची आणि प्रत्येक विधानाच्या, फंक्शनच्या व फांदीच्या आधी एक मोजणीदार बसवायचा. 'ही ओळ चालली, हिच्या नावावर एक वाढव' असं सांगणारी ती छोटी सूचना असते. मग मूळ फाइलऐवजी ही मोजणीदार बसवलेली प्रत चालवायची. टेस्ट संपल्या की मोजणीदारांचे आकडे गोळा करून रिपोर्ट बनवायचा.

पण मूळ फाइलच्या जागी बदललेली प्रत गुपचूप पुढे करायची कशी? इस्तंबूलचं कमांड-लाइन साधन एनवायसी हे काम 'रिक्वायर'च्या वाटेवर थांबून करतं. कॉमनजेएसमध्ये फाइल मागवायचा मार्ग हा साध्या जावास्क्रिप्टने बनलेला आहे आणि तो हवा तसा बदलता येतो. एनवायसी तिथे उभं राहतं, येणारी प्रत्येक फाइल अडवतं, तिच्यात मोजणीदार बसवतं आणि पुढे सोडतं.

शून्य टक्के का दिसतात?

नेटिव्ह मॉड्यूल त्या वाटेने येतच नाहीत. 'इम्पोर्ट'साठी नोडमध्ये स्वतंत्र लोडर आहे. इंजिन आधी सगळ्या फायली वाचतं, कोण कोणाकडून काय मागतंय ते जोडून घेतं आणि मगच कोड चालवायला सुरुवात करतं. एनवायसी जुन्या दारावर पहारा देत उभं, आणि पाहुणे दुसऱ्याच दाराने आत!

परिणाम असा की टेस्ट व्यवस्थित चालतात, पास होतात, पण मोजणीदार बसवलेली प्रत कधी चालतच नाही. रिपोर्टमध्ये सगळीकडे शून्य दिसतं. टेस्ट खोट्या नव्हत्या आणि कोडही बिघडलेला नव्हता. अंश मोजणारा माणूसच चुकीच्या जागी होता.

यावर अनेकांनी सोपा उपाय केला: टेस्टच्या वेळी बेबल लावून 'इम्पोर्ट'चं 'रिक्वायर' करायचं. आकडे परत दिसू लागतात, पण आता तपासला जाणारा कोड आणि लोकांपर्यंत जाणारा कोड एकच राहत नाही. मॉड्यूलच्या अगदी वरच्या पातळीवर 'अवेट' वापरून थांबण्याची सोय नेटिव्ह मॉड्यूलमध्ये आहे. 'रिक्वायर'च्या कोडात ती सरळ उतरवता येत नाही. त्यामुळे जिथे असा कोड असतो, तिथे ही युक्ती अडते.

दुसरा मार्ग म्हणजे नव्या दारावरही पहारा बसवणं. नोडच्या नव्या लोडरमध्ये मधे शिरून फाइल बदलण्याची अधिकृत सोय आहे आणि इस्तंबूलचे मोजणीदार त्या मार्गानेही बसवता येतात. पण बहुतेक प्रकल्प आज तिसऱ्या मार्गाने जातात.

नवी पद्धत: इंजिनालाच विचारायचं

क्रोम आणि नोड या दोन्हींच्या आत जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन एकच आहे: गूगलचं व्ही८. कोणतं फंक्शन किती वेळा चाललं याची काही नोंद ते वेग वाढवण्यासाठी ठेवतच असतं. मग कोडात बाहेरून मोजणीदार पेरण्यापेक्षा इंजिनाकडूनच ही माहिती का घेऊ नये?

२०१७ मध्ये व्ही८ने ही सोय खुली केली. सुरुवातीला ती फंक्शनपुरती होती. नंतर फंक्शनच्या आतल्या तुकड्यांचीही मोजणी आली. इंजिन मूळ कोडाचं स्वतःच्या अंतर्गत भाषेत रूपांतर करतं, त्याच वेळी प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मोजणीची सूचना घालतं. तुमची फाइल जशीच्या तशी राहते. ती 'रिक्वायर'ने आली की 'इम्पोर्ट'ने, याचा फरक पडत नाही, कारण शेवटी दोन्ही इंजिनातूनच जातात.

२०१८ मध्ये नोडच्या १०.१२ आवृत्तीत एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आला. त्यात फोल्डरचं नाव दिलं की प्रोग्राम संपताना नोड आपली नोंद त्या फोल्डरमध्ये लिहून ठेवतं. एनवायसीवर काम करणाऱ्या बेंजामिन को यांनीच या नोंदीवरून रिपोर्ट बनवणारं सी८ हे साधन लिहिलं. पुढे जेस्टमध्ये व्ही८चा पर्याय आला, व्हीटेस्टमध्ये व्ही८ आणि इस्तंबूल हे दोन्ही पर्याय आहेत, आणि नोडच्या स्वतःच्या टेस्ट रनरलाही कव्हरेज मोजता येतं.

एकच कोड, दोन आकडे

इथे एक नवीन अडचण येते. व्ही८ला ओळी कळत नाहीत. ते अक्षरं मोजतं. त्याची नोंद साधारण अशी असते: 'या फाइलमधलं १२० ते ३१० क्रमांकाच्या अक्षरांमधलं फंक्शन चार वेळा चाललं, त्यातला १८० ते २१५ हा तुकडा शून्य वेळा चालला.' यावरून ओळींची टक्केवारी काढणं हे पुढच्या साधनाचं काम. त्या भाषांतरात काही गोष्टी बदलतात.

एक, सी८च्या मूळ पद्धतीत फाइलमधल्या सगळ्या ओळी धरल्या जातात. टिप्पण्या आणि रिकाम्या ओळीसुद्धा. समजा फाइल ४० ओळींची आहे. त्यात २० ओळी खऱ्या कोडाच्या, प्रत्येकीवर एक विधान, आणि २० ओळी टिप्पण्यांच्या. कोडाच्या १० ओळी चालल्याच नाहीत. विधानं मोजणारं इस्तंबूल म्हणेल २० पैकी १०, म्हणजे ५० टक्के. सी८ म्हणेल ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के. दोन्ही उत्तरं आपापल्या नियमाने बरोबर आहेत. साधन बदलल्यावर आकडा वाढला, म्हणून टेस्ट सुधारल्या असं मात्र समजू नये.

दोन, ओळ न चाललेली ठरण्यासाठी ती पूर्णपणे त्या शून्याच्या तुकड्यात यावी लागते. 'वय पाचपेक्षा कमी असेल तर शून्य, नाहीतर शंभर' असा निर्णय एकाच ओळीत लिहिला असेल, तर त्यातला अर्धाच भाग चालला तरी ओळ चाललेलीच धरली जाते. चुकलेली बाजू फक्त फांद्यांच्या रकान्यात दिसते. म्हणून केवळ ओळींचा आकडा पाहून थांबणं धोक्याचं असतं.

तीन, टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला कोड. चालतो तो रूपांतरित कोड, आणि इंजिनाचे अक्षर-क्रमांक त्या रूपांतराचे असतात. मूळ फाइलपर्यंत परत पोहोचायला सोर्स मॅप नावाचा नकाशा लागतो. तो नसेल किंवा चुकीचा असेल तर रिपोर्ट भलत्याच ओळी लाल दाखवतो. नोडने अलीकडे यावर छान तोडगा काढला आहे: टाइपची माहिती काढून टाकताना तिच्या जागी तेवढीच रिकामी जागा सोडायची. ओळी आणि अक्षरं जागच्या जागी राहतात आणि नकाशाची गरजच उरत नाही.

छेदात कोण आहे?

आता अपूर्णांकाचा खालचा भाग पाहू. सर्वात मोठी फसगत इथे होते.

इंजिन फक्त त्याच फायलींविषयी सांगू शकतं ज्या त्याने उघडल्या. ज्या फाइलला एकाही टेस्टने हात लावला नाही, ती व्ही८च्या नोंदीत नसतेच. समजा प्रकल्पात १० फायली आहेत, प्रत्येकी १०० ओळींच्या. टेस्ट त्यातल्या ४ फायली मागवतात आणि त्यांच्या ४०० पैकी ३६० ओळी चालतात. रिपोर्ट सांगतो ९० टक्के. पण प्रकल्पाच्या एकूण १००० ओळींपैकी चालल्या ३६०, म्हणजे ३६ टक्के. ज्या सहा फायलींना टेस्टच नाहीत, त्या हिशेबातून गायब झाल्यामुळे आकडा चांगला दिसला!

यावर उपाय आहे. सी८ला 'ऑल' हा पर्याय दिला की न उघडलेल्या फायलीही शून्य टक्के धरून छेदात येतात. जेस्टमध्ये कोणत्या फायलींतून कव्हरेज गोळा करायचं, हे सेटिंगमध्ये स्पष्ट लिहिता येतं. हे सेटिंग लावल्यावर आकडा पहिल्यांदा कोसळतो, तेव्हा टीमला धक्का बसतो. पण खरा आकडा तोच असतो.

आता मॉड्यूलचा खास मुद्दा. अनेक प्रकल्पांत सगळ्या फायलींमधली फंक्शनं एकत्र करून पुढे देणारी एक 'इंडेक्स' फाइल असते. कोणी टेस्टमध्ये या फाइलमधून एकच फंक्शन मागितलं, तरी इंजिन तिला जोडलेल्या दहाही फायली उघडतं आणि त्यांचा वरच्या पातळीवरचा कोड चालवतं: इम्पोर्टच्या ओळी, स्थिरांक, फंक्शनांच्या घोषणा. समजा उरलेल्या सहा फायलींत अशा प्रत्येकी २५ ओळी आहेत. मग १५० ओळी आपोआप 'चालल्या'. ३६० अधिक १५० म्हणजे ५१०. आकडा ३६ वरून ५१ टक्क्यांवर गेला. तपासलं मात्र काहीच नाही.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे फंक्शनचा रकाना. फाइल नुसती उघडली गेली असेल तर ओळींचे काही टक्के दिसतात, पण फंक्शनच्या रकान्यात शून्य असतं. असा शून्य दिसला की ती फाइल 'पाहिली' आहे, 'तपासली' नाही, असं समजावं.

नोंद हरवण्याच्या जागा

काही वेळा कोड चालतो, तरी नोंद हाती येत नाही. व्ही८ची नोंद प्रोग्राम नीट संपताना लिहिली जाते. टेस्टने एखादा सर्व्हर वेगळ्या प्रोसेसमध्ये सुरू केला आणि काम झाल्यावर ती प्रोसेस जबरदस्तीने मारून टाकली, तर त्या प्रोसेसचा हिशेबही तिच्याबरोबर जातो. सर्व्हरला आधी नीट बंद व्हायला सांगणं हाच त्यावरचा उपाय.

दुसरी जागा म्हणजे मॉड्यूल पुन्हा नव्याने उघडण्याची युक्ती. नेटिव्ह मॉड्यूल एकदा उघडलं की ते लक्षात ठेवलं जातं. दुसऱ्यांदा मागितलं तरी वरचा कोड पुन्हा चालत नाही. टेस्टला कोरी प्रत हवी असेल तर पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडतात. इंजिनाच्या दृष्टीने पत्ता वेगळा, म्हणजे फाइल वेगळी. या प्रतींची बेरीज एकाच फाइलच्या नावावर होते की नाही, हे आपल्या साधनात एकदा तपासून घ्यावं.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या मॉड्यूलचीही मर्यादा आहे. प्लेराइट या साधनातली कव्हरेजची सोय क्रोमियम घराण्यातल्या ब्राउझरपुरतीच आहे. फायरफॉक्स आणि सफारीचं इंजिन वेगळं, त्यामुळे फक्त तिथेच चालणारा कोड या रिपोर्टमध्ये येत नाही.

शंभर टक्के म्हणजे निर्दोष?

अंश बरोबर, छेदही बरोबर, आणि आकडा १००. आता तरी निर्धास्त व्हावं का?

पुन्हा भाड्याच्या फंक्शनकडे जाऊ. चार टेस्ट लिहिल्या: वय दिलं नाही, वय ३, वय ८ आणि वय ३०. चारही पास. सगळ्या ओळी चालल्या, सगळ्या फांद्या झाल्या. कव्हरेज १०० टक्के. आता सहा महिन्यांच्या बाळासाठी वय शून्य भरा. भाडं येतं पूर्ण १०० रुपये!

कारण कोडात पहिली अट 'वय नसेल तर पूर्ण भाडं' अशी होती, आणि जावास्क्रिप्टमध्ये अशा अटीत शून्य हा आकडासुद्धा 'नाही' असाच धरला जातो. ती ओळ टेस्टमध्ये चालली होती; पण या किमतीसाठी चालून पाहिली नव्हती. कव्हरेज ओळीवरून गेल्याचं सांगतं, उत्तर बरोबर होतं असं सांगत नाही. एखादी टेस्ट फंक्शन बोलावून उत्तराकडे पाहतच नसेल, तरी कव्हरेज तेवढंच भरतं.

म्हणूनच या मोजमापाचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. हिरव्या ओळींविषयी ते फारसं काही सिद्ध करत नाही, पण लाल ओळींविषयी ठामपणे सांगतं: इथे कोणीही पाहिलेलं नाही. अशा लाल ओळी बहुधा चुका हाताळणाऱ्या कोडात सापडतात: नेटवर्क तुटलं, फाइल मिळाली नाही, पैसे वळते झाले नाहीत. नेटिव्ह मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट केलेलं फंक्शन बाहेरून बदलता येत नाही, त्यामुळे खोटं अपयश घडवून आणणं थोडं अवघड जातं. नेटवर्कशी बोलणारं फंक्शन बाहेरून पॅरामीटर म्हणून दिलं, तर टेस्टला त्या जागी मुद्दाम अपयशी होणारं फंक्शन देता येतं.

रिपोर्ट हाती आल्यावर काय पाहावं?

१. कोणतं साधन वापरलं आहे आणि ते कोडात मोजणीदार बसवतं की इंजिनाला विचारतं? दोन वेगळ्या पद्धतींच्या आकड्यांची तुलना करू नये.

२. टेस्टने न उघडलेल्या फायली छेदात आहेत का? फायलींची यादी आणि प्रकल्पाचं फोल्डर एकदा शेजारी ठेवून पाहावं.

३. फांद्या आणि फंक्शनं यांचे रकाने काय सांगतात? ओळींचा आकडा चांगला आणि हे दोन कमी असतील तर ओळींवर विसंबू नये.

४. किमान मर्यादा ठेवली असेल तर ती एकूण बेरजेवर आहे की प्रत्येक फाइलवर? सी८मध्ये प्रत्येक फाइलला स्वतंत्र मर्यादा लावता येते. नाहीतर ३० सोप्या फायलींच्या आड पैशांचा व्यवहार करणारी एक न तपासलेली फाइल सहज लपते.

५. 'हा भाग मोजू नका' अशा टिप्पण्या कोडात किती आहेत? ही सोय जवळपास प्रत्येक साधनात असते. तिच्यामुळेही छेद लहान होतो.

हे पाच प्रश्न विचारायला दहा मिनिटंही लागत नाहीत. त्यांची उत्तरं मिळाली की ९२ या आकड्याला अर्थ येतो, आणि कधीकधी त्याच प्रकल्पातला जुना ६० टक्क्यांचा रिपोर्ट नव्या ९२ पेक्षा जास्त प्रामाणिक होता, हेही लक्षात येतं.